हापसा

आमच्या गावचा हापसा बाहत्तरच्या दुष्काळानंतर बसला. या हापशाचं मूळ आपल्याकडचंच. जालना आणि सोलापूरच्या मिशनच्या मंडळींनी बोअरसाठी दणकट पंप बनवले, त्यातल्या सोलापूर पंपावरून 'इंडिया मार्क टू' घडला आणि देशभर गेला. दांड्याला लोंबकळणाऱ्या आम्हा पोरांना याचा पत्ता नव्हता.

हापसणं हे पोरांचं काम. खरी कसरत नंतरची, बायांची. भरलेला हंडा शेवाळलेल्या फरशीवरून गुडघ्यावर, तिथून एका हिसक्यात डोक्यावरच्या चुंबळीवर. एकटीदुकटी बाई 'जरा हात लाव गं' म्हणायला कुणी येईतो खोळंबून राहायची. आईची कंबर त्यातच गेली.

पुढं मुंबईत चित्रकला शिकताना नवज्योत अल्ताफ यांच्या कामाचे फोटो पाहायला मिळाले. 1949 साली मीरतला जन्म, शिक्षण जे.जे.त, सत्तरच्या दशकात डाव्या तरुणांच्या चळवळीत. चित्र, शिल्प, व्हिडिओ, मांडणशिल्प, काहीच त्यांना परकं नाही. नव्वदचं दशक संपता संपता त्या बस्तरात कोंडागावला गेल्या आणि राजकुमार कोर्राम, शांतीबाई, गेस्सूराम या तिथल्याच कलावंतांबरोबर काम करू लागल्या. तिथं त्यांनी मिळून 'नलपार' उभे केले, म्हणजे हापशाभोवतीच्या जागा. मुलांनी जमावं म्हणून 'पिल्लागुडी'ही बांधल्या, पण मी अडकलो नलपारापाशी.

भिंतींवर शिल्पं होती, आकार देखणे होते. माझी नजर मात्र आधी कट्ट्याकडं गेली. हंडा आधी टेकवायचा आणि मग उचलायचा, अशी सोय. शिवाय सांडपाण्याला वाट. पंप घडवणाऱ्यांनी साखळी, बेअरिंग, दांडा, सगळ्याचा विचार केला होता. तोटीपासून डोक्यापर्यंतचं अंतर तेवढं राहून गेलं होतं. ते बायांशी बोलत बसल्याशिवाय दिसणारच नव्हतं. 'यात कला कुठं आहे?' असं आमच्यातले काही विचारत. मला विचाराल तर त्या कट्ट्याच्या उंचीत.

आता आमच्याकडं घरोघरी नळ आलेत, हापशाचा दांडा कुणीतरी भंगारात घातला. पण एप्रिल उजाडला की नळ कोरडे पडतात आणि टँकर येतो. पाइपाखाली घागरींची झोंबाझोंबी, पायाखाली चिखल. ग्रामसभेत मी टँकरच्या जागी कट्टा बांधायचा विषय काढला. सरपंच म्हणाले, 'टँकर काय कायमचा आहे का?' तो तर मी शाळेत होतो तेव्हापासून येतोय.