चार दिवसांची वाट आणि तिची नोंद

जुलै महिन्याचा तिसरा मंगळवार उजाडण्यापूर्वीच नेदरलँड्समधील नायमेखेन हे शहर जागे होते. जर्मनीच्या सीमेलगत, ऱ्हाइनची शाखा असलेल्या वाल नदीच्या काठी वसलेले हे रोमनकालीन शहर. त्या आठवड्यात मात्र जगभरातून आलेल्या चालणाऱ्यांनी त्याचे रस्ते भरून जातात. ‘फीरदाखसे’, म्हणजे चार दिवसांची चाल, हा तेथील वार्षिक उत्सव 1909 पासून चालत आला आहे. प्रारंभी त्यात मुख्यतः सैनिक असत. आता चाळीस हजारांहून अधिक माणसे नाव नोंदवतात आणि त्यांत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ असतात.

कोणी किती चालायचे हे प्रामुख्याने वयावरून ठरते. अंतरे तीन आहेत : रोज 30, 40 किंवा 50 किलोमीटर. साठीपुढील व्यक्तींना रोजचे 30 पुरेसे मानले जातात. तरीही चार दिवसांची बेरीज 120 किलोमीटर होते. पहिल्या दिवशी वाल ओलांडून एल्स्टकडील सपाट शेतीचा प्रदेश, दुसऱ्या दिवशी वायखेन, तिसऱ्या दिवशी ख्रूसबेकची चढउताराची टेकाडे आणि तेथील कॅनेडियन सैनिकांची शांत स्मशानभूमी. चौथ्या दिवशी काउक गावाजवळ लष्कराने मास नदीवर उभारलेला तरता पूल पार करून वाट पुन्हा शहरात शिरते. शेवटच्या रस्त्यावर दुतर्फा उभे असलेले लोक चालणाऱ्यांच्या हाती ग्लॅडिओलाची फुले देतात.

या सोहळ्याचा कणा आहे तो नोंदीचा. प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टी असते. सुटताना, वाटेतील तपासणीच्या ठिकाणी आणि परतल्यावर ती यंत्राने वाचली जाते. पूर्वी हेच काम कागदी पत्रिकेवर खूण करून होत असे. चारही दिवस ठरलेल्या वेळेत पूर्ण झाले तरच पदक मिळते आणि ते कितव्यांदा मिळाले हा आकडाही त्यावर असतो. डच सैनिकांना हे पदक गणवेशावर लावण्याची मुभा आहे. बर्ट फान डर लान्स यांच्या नावावर 71 वेळा ही चाल पूर्ण केल्याची नोंद आहे. पंढरीच्या वाटेवरील वृद्ध वारकरी आपली ही कितवी वारी ते सांगतो, तेव्हा त्याचा शब्द हाच पुरावा असतो. येथे शब्दाला शिक्क्याची जोड दिलेली आहे, इतकेच.

या पद्धतीत एक कठोरपणा आहे. एक दिवस चुकला की त्या वर्षाचा आकडा वाढत नाही. छातीवर वीस वर्षांचा आकडा मिरवणाऱ्या सत्तरीतील माणसाला तिसऱ्या दिवशी पायाला फोड आले, डोके गरगरू लागले, तर तो थांबेल का? आकडा त्याला पुढे ओढतो. धोका आहे तो याच ठिकाणी. 2006 साली तीव्र उष्म्यात पहिल्याच दिवशी दोघांचा मृत्यू झाला, शेकडो लोक आजारी पडले आणि उरलेले तीन दिवस रद्द करावे लागले. 2022 मध्येही उष्म्यामुळे पहिला दिवस वगळण्यात आला. संयोजकच जर थांबू शकतात, तर एकट्या चालणाऱ्याने थांबण्यात कमीपणा कोणता?

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी औषधे चालू असतील, तर शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल लवकर बिघडतो. उलटपक्षी, भीतीपोटी अतोनात पाणी पिण्यानेही रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला फोड आल्याचे कळतही नाही. छातीत दुखणे, घेरी, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही जाणवले, तर ती चाल तेथेच संपली असे समजावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

अंतर आणि वेळ यांची खातरजमा यंत्राने होते, पण वयाची? 2011 साली टोरांटो येथे फौजा सिंग यांनी वयाच्या शंभराव्या वर्षी मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांना 8 तास 11 मिनिटे 6 सेकंद लागले. त्यांच्या पारपत्रावर 1 एप्रिल 1911 ही जन्मतारीख होती. तथापि जन्माचा दाखला सादर करता न आल्याने गिनेसने हा विक्रम मान्य केला नाही. त्यांच्या जन्मकाळी पंजाबातील खेड्यात असा दाखला ठेवण्याची रीतच नव्हती. जगाने त्यांच्या धावेचे कौतुक केले, विक्रमाच्या पुस्तकातील ती जागा मात्र त्यांना मिळाली नाही. घरातील वडीलधाऱ्यांची जन्मनोंद, शाळेचा दाखला, जुनी कागदपत्रे सांभाळून ठेवण्याची निकड यावरून ध्यानात यावी.

अंतराच्या बाबतीतही डोळसपणा हवा. मोबाइलमधील पावलांची मोजणी हा अंदाज असतो. पाय घासत, संथ चालणाऱ्या वृद्धांची कित्येक पावले त्यातून निसटतात. दाट झाडी व उंच इमारतींमध्ये उपग्रहावर आधारलेली मोजणीही चुकते. म्हणूनच अधिकृत शर्यतींचे रस्ते प्रमाणित केलेल्या सायकलने मोजतात आणि मार्ग आखूड भरू नये यासाठी प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर अधिक धरतात. चोवीस तासांच्या शर्यतीत मोजलेल्या वर्तुळाच्या फेऱ्या गणल्या जातात आणि शेवटची अपुरी फेरी चाकाने मोजली जाते. घरच्यासाठी एवढा खटाटोप नको. एकदा नीट मोजून घेतलेला बागेतील फेरा आणि त्याच्या फेऱ्यांची गणती पुरेशी आहे.

एक वही ठेवावी. तारीख, अंतर, लागलेला वेळ, त्या दिवसाचा उकाडा, घेतलेली औषधे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसे वाटले, एवढे रकाने असावेत. शेजारी सोबत्याची सही असावी, म्हणजे काळजी घेणाराही त्या वाटेचा साक्षीदार होतो. आणखी एक रकाना आवर्जून ठेवावा : कोठे थांबलो व का. डॉक्टरांच्या दृष्टीने कदाचित तोच सर्वांत उपयोगी ठरेल. पूर्वी पाच किलोमीटरला न लागणारा दम गेल्या महिन्यापासून दोनलाच लागतो, हे स्मरणातून निसटेल, वहीतून निसटणार नाही.

नायमेखेनमध्ये मध्येच थांबलेल्याचा आकडा त्या वर्षी वाढत नाही, पण आधी मिळवलेला एकही आकडा पुसला जात नाही. पुढच्या जुलैत नदीकाठचे ते शहर पुन्हा पहाटे जागे होते आणि गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी परत फिरलेला एखादा म्हातारा मनगटावर नवी पट्टी बांधून पुन्हा रांगेत उभा राहू शकतो.