उत्तरमेरूरचा घडा

कांचीपुरास जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू कामाक्षीचें दर्शन घेतो, वरदराजाच्या देवळांत जातो, घरच्या मंडळींसाठीं दोन रेशमी लुगडीं पसंत करतो आणि परतीची गाडी गांठतो. आम्हीहि तसेंच करणार होतों. परंतु आमच्या मंडळींत थोरले आप्पा होते. घरून निघतांनाच त्यांनीं सांगून ठेविलें होतें कीं, कांचीच्या दक्षिणेस उत्तरमेरूर नांवाचें गांव आहे, तें पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं. आमच्या घरांत आप्पांचा शब्द हा शेवटचा शब्द. त्यावर मतें घेण्याची पद्धत नाहीं. लोकांनीं आपला कारभार आपल्या संमतीनें कसा चालवावा हें पाहावयास आम्ही अशा रीतीनें एकाच्या हुकुमावरून निघालों!

रस्ता सुमारें तीस किलोमीटरांचा. दुतर्फा भातशेतें, मधून मधून ताडाचीं झाडें, आणि थोड्या थोड्या अंतरावर बांध घातलेलें एखादें तळें. पावसाचें पाणी अडवून त्यावर पिकें काढणारा हा मुलूख. बांध फुटला कीं साऱ्या गांवाचें पीक बुडालें. येथील लोकांना एकत्र बसून कारभार करण्याची गरज कां पडली असेल, तें त्या तळ्यांनींच आम्हांस आधीं सांगितलें.

पल्लव राजा दुसरा नंदिवर्मा याच्या कारकीर्दींत, इ. स. ७५० च्या सुमारास, ब्राह्मणांना दान दिलेलें हें गांव. वैकुंठ पेरुमाळाचें देऊळ कांचीच्या भव्य गोपुरांपुढें अगदींच साधें दिसतें. पण त्याच्या दगडी भिंती अक्षरांनीं भरलेल्या आहेत. चोळ राजा पहिला परांतक याच्या बाराव्या व चौदाव्या वर्षांचे, म्हणजे इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन लेख तेथें आहेत. पुराणवस्तु-खात्याच्या वेंकय्यांनीं १९०४-०५ च्या अहवालांत ते भाषांतरासह प्रसिद्ध केले. आप्पांनीं त्या भाषांतराची प्रत बरोबर आणिली होती. मंडपाच्या सावलींत बसून ते वाचूं लागले, आणि आम्ही ऐकूं लागलों.

गांवाचे तीस भाग. प्रत्येक भागांतील पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहावयाचीं, त्यांची भागवार जुडी बांधून ती घड्यांत टाकावयाची. ‘कुडम्’ म्हणजे घडा व ‘ओलै’ म्हणजे ताडपत्र. म्हणून या पद्धतीचें नांव ‘कुडवोलै’. आबालवृद्ध सभा भरली कीं, पुजाऱ्यांतील सर्वांत वडील पुजाऱ्यानें उभें राहून घडा सर्वांस दिसेल असा वर उचलावयाचा. आंत काय आहे हें ज्याला ठाऊक नाहीं अशा लहान मुलानें एक जुडी काढावयाची. ती दुसऱ्या रिकाम्या घड्यांत सोडून हलवावयाची, आणि मग त्याच मुलानें एक चिठ्ठी उचलावयाची. मध्यस्थानें ती पांचही बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावयाची, मोठ्यानें वाचावयाची, आणि मग जमलेल्या पुजाऱ्यांनींहि ती वाचावयाची. हातचलाखीला जागा म्हणून कोठें ठेविली नाहीं! अशा तिसांतून बारांची वार्षिक समिति, बारांची बागांची आणि सहांची तळ्याची. वार्षिक समितींत विद्वान, वयोवृद्ध आणि पूर्वीं काम केलेले घ्यावयाचे. मुदत ३६० दिवसांची. आणि गेल्या तीन वर्षांत जो समितींत होता, त्याची चिठ्ठी घालावयाचीच नाहीं.

पात्रता काय? वय पस्तिसाच्या वर व सत्तरीच्या आंत, पाव वेलीहून अधिक करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, आणि वेदविद्या. विद्या अधिक असेल तर जमिनीची अट निम्मी. आणि ज्यानें समितीचें काम करून हिशेब दिला नाहीं तो अपात्र. इतकेंच नव्हे तर त्याचा बाप, मुलगा, भाऊ, चुलता, मामा, भाचा, आतेभाऊ, मावसभाऊ, सासरा, मेहुणा, जांवई हे सारे अपात्र!

ही यादी ऐकून आमच्या धाकट्या पुतण्याला हंसूं आवरेना. “आप्पा, हा नियम आपल्या घरीं लागू केला तर एकाचीहि चिठ्ठी घड्यांत पडावयाची नाहीं.” गांवचा वाडा दुरुस्त करावयाचा कीं विकावयाचा हा वाद घरांत दोन वर्षें धुमसत होता, आणि वाड्याच्या जमाखर्चाची वही आप्पांच्या कपाटाबाहेर कधीं आली नव्हती. आप्पा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पान उलटलें.

तेव्हां थोरल्या काकू म्हणाल्या, “अहो, चिठ्ठी काढतांना इतके डोळे लावून बसले, पण चिठ्ठ्या लिहितांना कोणाकोणाचीं नांवें वगळलीं, तें पुन्हां एकदां वाचा.” आप्पांनीं वाचलें. बायकांचें नांव नाहीं. दुसऱ्याच्या शेतांत राबणारा नाहीं, कारागीर नाहीं. ज्या तळ्यावर सारा गांव जगे, त्या तळ्याच्या समितींत चिखल उपसणाऱ्याला जागा नव्हती. या शिलालेखांचा अभिमान आम्हांसारख्या घरांत लवकर उत्पन्न होतो, कारण त्या घड्यांत आमच्यासारख्यांचींच नांवें होतीं.

डॉ. आंबेडकरांनीं ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना-समितींत ग्रामराज्याच्या स्तुतिपाठकांना फटकारलें आणि घटनेच्या मसुद्यानें खेड्याऐवजीं व्यक्ति हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केलें. त्या टीकेचा अर्थ आम्हांस या मंडपांत अधिक नीट उमगला. पुढें २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अंमलांत आली. ग्रामसभेंत गांवचा प्रत्येक मतदार आला, आणि पंचायतींत स्त्रियांना किमान एकतृतीयांश व अनुसूचित जातिजमातींना लोकसंख्येच्या प्रमाणांत जागा आल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वांटा निम्मा केला. घडा मोठा झाला. पण हिशेब न देणाऱ्याला दूर ठेवण्याची उत्तरमेरूरची ती करडी नजर आज किती गांवांत आढळेल? आमच्या मतें दोन्ही गोष्टी हव्यात: घड्यांत सर्वांचीं नांवें, आणि कारभाऱ्याच्या हातीं उघडी वही. एकीवांचून दुसरी लंगडी.

परतीच्या प्रवासांत आप्पा खिडकीशीं बसून होते. घरीं आल्यावर दुसऱ्याच रविवारीं त्यांनीं ती वही माजघरांत आणून ठेविली, आणि सुनांसह सर्वांना बोलाविलें. “वाचा,” एवढेंच म्हणाले. वाड्याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं; मतें चार बाजूंना आहेत, आणि काकूंचें मत आप्पांच्या विरुद्ध आहे. पण वही अजून माजघरांतच आहे.