भाऊबीजेला बोलायचं राहिलं ते

सातारा,
सोमवार, रात्री

प्रिय धाकट्या,

भाऊबीजेला कुंकू लावायला मी तुझी हनुवटी वर केली आणि तू डोळे मिटून ‘आई गं’ म्हणालास. हातात तबक होतं, भोवती पोरं होती, म्हणून गप्प बसले. नंतर तुझ्या मानेवरून हात फिरवला. मानेच्या मुळाशी सातवा मणका सगळ्यांच्याच हाताला लागतो. तुझ्या मात्र त्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दोरखंडासारखे ताठ होते. उशीखाली बामची डबी सापडली, तीही निम्मी संपलेली. किती दिवस लपवतोयस?

मी यातून गेलेय रे. २०२० मध्ये शाळा मोबाइलवर आली, तेव्हा पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून मी तासन्‌तास शिकवायचे आणि रात्री त्याच फोनवर वह्यांचे फोटो तपासायचे. आधी मान आखडायची, मग डोक्याची मागची बाजू ठणकायला लागली. पुढे उजव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या, कणीक मळताना हातात जोर येईना. मी अंगठ्याला तेल चोळत बसले. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, अंगठ्याकडे जाणारी शीर मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधून निघते, दाब तिथे पडतोय. त्याआधी कुणालाही न विचारता मी दोन महिने मानेला पट्टा बांधला होता. त्याने स्नायू आणखी दुबळे झाले. तू ते करू नकोस.

आपलं डोकं साधारण ५ किलोचं. आजी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन विहिरीवरून सरळ चालत यायची. तीच कळशी हात लांब करून पुढे धरायला सांगितली असती तर? मान पुढे झुकली की हेच होतं. न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला: मान ६० अंश वाकली, तर मणक्यावर सुमारे २७ किलोचा भार येतो. आकडा संगणकावरच्या प्रतिकृतीचा आहे, माणसांवर मोजलेला नाही, पण तुझे ताठ स्नायू मी स्वतः चाचपलेत.

लॅपटॉपची गोम अशी, की त्यात पडदा आणि बटणं एकमेकांना जखडलेली असतात. हात सोयीचे ठेवावेत तर मान वाकते. पडदा वर घ्यावा तर खांदे चढतात. म्हणून कीबोर्ड आणि माऊस वेगळे घे, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण. फोनही डोळ्यांकडे उचल, डोळे फोनकडे नेऊ नकोस.

आणि ऊठ. आई ‘ताठ बस’ म्हणून पाठीत धपाटा घालायची, पण ताठ बसूनही दोन तास हललं नाही, तर मान भरून येतेच. अर्ध्या तासाने उठून पाणी पिऊन ये. भिंतीला पाठ टेकून हनुवटी सरळ मागे घे, पाच मोजेपर्यंत थांब, असं दहादा कर. मला फरक पडायला दीड महिना लागला. पण बोटं बधिर झाली, हातातून वस्तू सुटायला लागल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर व्यायाम करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ.

आपल्या घरात मान खाली घालून काम करणाऱ्याचं फार कौतुक. ‘आमचा धाकटा मान मोडून अभ्यास करतो’ असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे. आता ते आठवलं की जीव कासावीस होतो.

शनिवारी हे पुण्याला येतायत, त्यांच्यासोबत देवघरातला जुना चौरंग पाठवते. वीतभर उंच आहे, लॅपटॉप त्यावर नीट बसेल. एक पाय किंचित डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घाल.

तुझी,
ताई