वायतुऱ्याची ओळख

कुमुद रात्रीं उमलतें आणि कमल दिवसा, हें आमचे विद्यार्थी घडघडा सांगत. परंतु गांवच्या माळावर पावसाळ्यांत काय उगवतें असें विचारलें कीं सारा वर्ग स्तब्ध होई. पुस्तकांतील फुलांशीं परिचय आणि पायांखालच्या फुलांशीं अपरिचय, ही आपल्या सुशिक्षित घरांची सार्वत्रिक स्थिति आहे. म्हणून वायतुरा या सातारा प्रांतींच्या एका फुलाची ओळख आज वाचकांस करून द्यावी असें योजिलें आहे.

साताऱ्यापासून सुमारें २५ किलोमीटरांवर कासचें पठार आहे. तेथील जांभ्या कातळावर मातीचा थर अगदीं पातळ. पावसाळ्यांत कातळाच्या खोलगट भागांत पाणी सांचून उथळ डबकीं होतात. त्यांतच वायतुरा उगवतो. लांबट पानें पाण्यांतून वर येतात, आणि दांड्याच्या टोकाशीं तुऱ्याला दोन फांटे फुटून त्यांवर बारीक, फिकट गुलाबी फुलें दाटीनें लागतात. इंग्रजी ‘वाय’ अक्षराची ही आकृति, म्हणून वायतुरा! अर्धें इंग्रजी नांव आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यास प्रथम खटकलें खरें. पण एकदां ऐकलें कीं फूल ओळखूं यावें, हा गुण किती नांवांत असतो? याच्याच कुळांतील दुसऱ्या एका पाणवनस्पतीस एकच तुरा येतो. तेव्हां प्रथम फांटा पाहावा. शास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत ही जात स्वतंत्र ठरविली आणि तिला साताऱ्याचेंच नांव दिलें. सह्याद्रीच्या थोड्या सड्यांखेरीज ती जगांत अन्यत्र आढळत नाहीं, व तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींत होते.

गेल्या श्रावणांत सहकुटुंब तेथें गेलों असतां धाकट्या सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, एवढी दुर्मीळ आहे तर एक कंद नेऊन आपल्या हौदांत लावूं या ना! तेवढीच एक जगेल.” प्रश्न प्रेमाचा होता, म्हणून आम्हीं त्याचें उत्तर तेथेंच बसून दिलें. पाऊस सरला कीं डबकें आटतें, पानें वाळून जातात, आणि कंद तेवढा मातींत निद्रिस्त राहतो. पुढल्या आषाढापर्यंत तेथें कांहीं आहे असें कोणास वाटणारही नाहीं. बारमाही भरलेल्या हौदांत ही निद्रा त्यास कोठून मिळणार? आणि प्रत्येक घरानें एकेक कंद नेला तर सड्यावर काय उरणार?

खरें संकट या निद्राकाळींच येतें. कोरडा, उजाड दिसणारा कातळ म्हणजे पडीक जागा असें समजून तेथें गाड्या उभ्या करतात, राडारोडा टाकतात, जांभा खणून नेतात. फुलें असतांना हात आंवरणारे सज्जनही वैशाखांत त्याच जागेवरून गाडी नेतात. सन २०१२ मध्यें पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारशांत समावेश झाला. फुलांच्या दिवसांत तेथें प्रवेशशुल्क घेतात व माणसांच्या संख्येसही मर्यादा घालतात. हें उचितच आहे. पण ज्या सड्यांवर पहारा नाहीं, तेथें रक्षण कोणीं करावें?

तें घराघरांतून व्हावें, असें आमचें नम्र मत आहे. मुलांना सड्यावर अवश्य न्यावें. डबक्यांत मात्र उतरूं देऊं नये. कांठावरूनच छायाचित्र घ्यावें, स्थळ व तिथि वहींत टिपावी, आणि जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांस दाखवावी. फूल तोडूं नये, देवासाठींही नाहीं. आणि उन्हाळ्यांत पुन्हां एकदां त्याच मुलांना त्याच कोरड्या कातळापाशीं न्यावें व खालीं काय निजलें आहे तें सांगावें.

सूनबाईंनीं कंद आणला नाहीं. त्यांनीं वहींत तुऱ्याचें चित्र काढलें आहे आणि त्याखालीं डबक्याची जागा लिहिली आहे. येत्या वैशाखांत ती जागा पाहावयास जाण्याचें घरांत ठरलें आहे.