सुटे भाग

भिंतीवरच्या जुन्या छायाचित्रात एक मोटार उभी आहे आणि तिच्या शेजारी, मडगार्डवर हात ठेवून, सव्वीस वर्षांचा एक कामगार. मोटार १९३६ सालची फोर्ड; कामगार त्याचे वडील. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे मोटारीचा रंग कळत नाही. स्टिअरिंग मात्र उजव्या बाजूला आहे, एवढे स्पष्ट दिसते.

वडील फोर्डच्या मुंबईतील जोडणी कारखान्यात होते. फोर्डची भारतीय कंपनी १९२६ साली, तिच्या कॅनडातील कंपनीची शाखा म्हणून निघाली. मोटारींचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून जहाजाने येत आणि येथे त्यांची मोटार होई. "मी मोटारी बनवतो," असे वडील कधी म्हणाले नाहीत, "जोडतो" म्हणत. १९५३ मध्ये जकात आयोगाने शिफारस केली, की ज्यांच्यापाशी निर्मितीचा कार्यक्रम नाही अशा निव्वळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी आपले काम आवरावे. कारखाना बंद झाला, कुटुंब इंदूरला आले आणि मोटारींचा विषय घरात हळूहळू मागे पडला. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, यंत्रांचे आराखडे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त होऊनही बराच काळ लोटल्यावर, ती मोटार एकदा आपल्या हातांनी जोडावी अशी इच्छा त्याच्या मनात उगवली. खरी मोटार नव्हे. पंचविसाव्या हिश्श्याची, प्लॅस्टिकची.

ही इच्छा वाटते तितकी साधी नव्हती. डेट्रॉइटमध्ये १९४८ साली निघालेली एएमटी ही कंपनी प्रथम मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृती करी. १९५८ पासून तिने मुलांनी घरी जोडायचे संच बाजारात आणले. एकाच खोक्यात तीन पर्याय असत: मोटार कारखान्यातून निघाली तशी जोडा, आपल्या हौसेनुसार सजवा, किंवा शर्यतीची करा. पहिल्या पर्यायाला तिकडचे लोक 'स्टॉक' म्हणतात. या शब्दात कौतुक नाही. काही न केलेली, जशी होती तशी, एवढाच त्याचा अर्थ.

आणि काही न केलेले तेच दुर्मिळ ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी तीसच्या दशकातील स्वस्त फोर्ड मोटारी घेतल्या, त्यांची मडगार्डे काढली, छपरे कापून बुटकी केली, इंजिनांची ताकद वाढवली. त्या छंदाला वाहिलेले 'हॉट रॉड' मासिक १९४८ च्या जानेवारीत निघाले. खऱ्या मोटारींचे जे झाले तेच पुढे प्रतिकृतींचेही झाले. खोक्यातील तीन पर्यायांपैकी मुलांना हवा असे तो रुंद चाकांचा, ज्वाळा रंगवलेला. मागणी पाहून कंपन्यांनी साचेही बदलले. पोलादी साच्यात नवा आकार कोरायचा तर जुना आकार जातो. त्या साच्यातून मूळ भाग पुन्हा निघत नाही. अलीकडे काही जुने संच, हरवलेले भाग नव्याने घडवून, पुन्हा बाजारात आले आहेत. पण सगळ्यांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

म्हणून शोध हा मुख्यतः वाचण्याचा उद्योग होऊन बसला. खोक्यावरील चित्रावर विश्वास ठेवायचा नाही, हे तो पहिल्या फसगतीनंतर शिकला. वर भडक शर्यतीची गाडी आणि आत मूळ मोटारीचे सर्व भाग, असे घडते; याच्या उलटही घडते. विक्रेत्याकडून भागांच्या चौकटींची छायाचित्रे मागवायची आणि त्यांत अरुंद टायर आहेत का, जाळी मूळची आहे का, इंजिनावर कार्ब्युरेटर एकच आहे का, हे भिंगाखाली पाहायचे. चाके विशेष निरखायची: १९३६ मध्ये फोर्डने तारांची चाके सोडून पत्र्याची दिली, तेव्हा तारांची चाके दिसली की संचात भेसळ आहे हे ओळखायचे. चोविसाव्या हिश्श्याचे भाग पंचविसाव्या हिश्श्याच्या मोटारीला चालत नाहीत. खऱ्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर ११२ इंच. एका मापात ते सुमारे ११.४ सेंटिमीटर होते, दुसऱ्यात ११.९. हे अर्धे सेंटिमीटर आयुष्यभर आराखडे काढलेल्या डोळ्याला खुपते. शिवाय टायर मऊ प्लॅस्टिकचे असतात. वर्षानुवर्षे ते शेजारच्या कठीण भागाला टेकून राहिले, तर त्या भागाला वितळवून त्यात खड्डा पाडतात. मोहोरबंद खोके म्हणजे निर्दोष माल, असे म्हणूनच समजता येत नाही.

अखेर त्याला मिळाला तो अर्धा संच. सांगाडा आणि इंजिन ठीक. जाळी आणि चाकांच्या टोप्या गायब. त्या कोठे असतील याचे उत्तर मात्र त्या 'तीन पर्यायांच्या' व्यवस्थेतच होते. ज्याने हौसेची गाडी जोडली, त्याच्याकडे मूळ भाग न वापरता उरतात. ज्याला साधी मोटार हवी, त्याने सजवणाऱ्यांची उरलीसुरली डबडी धुंडाळावीत. ओहायोतील एका अनोळखी वृद्धाने बालपणी याच फोर्डची शर्यतीची गाडी केली होती, आणि उरलेले भाग साठ वर्षे एका डब्यात राखले होते. त्याने ते पाठवले. पैसे घेतले नाहीत.

आता सारे जमले, आणि मग छायाचित्राकडे पाहताना अडचण ध्यानात आली. संच अमेरिकेचा, स्टिअरिंग डावीकडे. संग्राहकांच्या नियमाने ते तसेच ठेवले तरच मोटार मूळ रूपातली. परंतु वडिलांनी जोडलेल्या मोटारीत ते उजवीकडे होते. महिनाभर त्याने कात्रीला हात लावला नाही. नंतर एका सकाळी त्याने डॅशबोर्ड बारीक करवतीने कापला, मोजमापांची तबकडी उजवीकडे आणली, सामानाचा कप्पा डावीकडे नेला, पेडले सरकवली, जुने छिद्र बुजवून घासले. गिअरचा दांडा मधोमध असल्यामुळे तो हलवावा लागला नाही.

कोणत्याही प्रदर्शनात ही मोटार आता 'बदललेली' या वर्गात जाईल, हे त्याला ठाऊक आहे. कारखान्यातून निघाली तशी, हा नियम त्याने मोडला असे म्हणता येईल. कारखाना कोणता, एवढाच प्रश्न आहे.

रंग अजून दिलेला नाही. मात्र त्याच्या संचात उरलेली रुंद चाके, जोड-कार्ब्युरेटर आणि ज्वाळांची चित्रे त्याने कापसात गुंडाळून ओहायोला पाठवली. तिकडच्या वृद्धाची नात आता संच जोडू लागली आहे, आणि तिला शर्यतीची गाडी हवी आहे.