मागणीचा पत्ता

अक्कलकोट तालुक्यात अक्कलकोट, मैंदर्गी आणि दुधनी या तीन नगरपरिषदा आहेत. बाकी गावांचा कारभार ग्रामपंचायतींकडे आहे. रहिवाशाला या कारभारात आपले म्हणणे मांडायचे असेल, तर कोणता निर्णय कोणाच्या हाती आहे हे आधी कळायला हवे. तक्रारी खऱ्या असूनही वाया जातात, त्या बहुधा इथेच.

पाण्याचेच पाहा. अक्कलकोट शहराला बोरी नदीवरच्या कुरनूर धरणातून पाणी मिळते. धरण जलसंपदा विभागाकडे आहे, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण जिल्हा पातळीवर ठरते आणि शहरातल्या टाक्या व नळ नगरपरिषद सांभाळते. गल्लीत नळाला पाणी कमी येते, ही तक्रार मुख्याधिकाऱ्यांकडे न्यायची. धरणातले पाणी शहरासाठी राखून ठेवायची मागणी मात्र जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जायला हवी. स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांमुळे पाणी, कचरा आणि शौचालये यांवर जो ताण पडतो, तो स्थानिक लोकसंख्येच्या आकड्यात दिसत नाही. तो आकड्यांनिशी दाखवून देणे हे रहिवाशांच्या हातचे मोठे काम आहे.

वेळेलाही तितकेच महत्त्व आहे. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक एप्रिलपूर्वी मंजूर होते, त्यामुळे गटाराची मागणी डिसेंबरातच लेखी गेलेली बरी. नगरसेवकाने ती सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेतली, तर तिची नोंद इतिवृत्तात राहते. घरपट्टीची फेरआकारणी साधारणपणे दर चार वर्षांनी होते. यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी मुदत मिळते आणि सुनावणी होते. ती मुदत हुकली की पुढची वाट लांबची. सभेचा एखादा ठराव बेकायदा किंवा लोकांना अपायकारक असेल, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून त्या अर्जावर पुढे काय झाले हे विचारता येते. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन असतो, तिथेही हे गाऱ्हाणे मांडता येते.

गावात हे काम ग्रामसभेतून होते. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे, पण त्याला मर्यादाही आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटवर दावा सांगितला. त्यानंतर तालुक्यातील सीमेलगतच्या काही गावांनी रस्ते-पाण्यासारख्या सोयी मिळत नसल्याने कर्नाटकात जाऊ देण्याची मागणी करणारे ठराव केले. त्यांची राज्यभर चर्चा झाली. पुढे बहुतेक गावांनी ते मागे घेतले. राज्याची हद्द बदलणे संविधानाच्या अनुच्छेद ३ नुसार संसदेच्या हाती आहे, ते ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही. गावांची व्यथा मात्र खरी होती. प्रत्येक रस्त्यासाठी त्याचे नाव, लांबी आणि तो जिल्हा परिषदेचा की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, एवढे लिहून वेगळा ठराव केला, तर तो ज्या कार्यालयात जाईल तिथे त्याचे उत्तर मागता येते. सीमेवरच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते, म्हणून ठराव सभेत कन्नडमध्येही वाचून दाखवावा.