भिंतीवरची टिटवी

दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की आमच्या घरात दरवर्षी एक प्रसंग हटकून घडतो. सौभाग्यवती स्टुलावर चढून बैठकीच्या खोलीतल्या तसबिरी पुसू लागतात आणि एका तसबिरीपाशी त्यांचा हात थांबतो. "हिची काच तडकली आहे. यंदा तरी बदलून आणणार आहात का?" मी वर्तमानपत्रात डोके खुपसतो. काच तशीच राहते. आतली टिटवीही तशीच राहते.

फराळाला येणारा पाहुणा मात्र त्या टिटवीपुढे थांबल्याशिवाय राहत नाही. बारा बाय पंधरा इंचांचा कृष्णधवल फोटो आहे तो. भर उन्हात, नदीकाठच्या खडीत टिटवी आपल्या चार अंड्यांवर सावली धरून उभी आहे. तिच्या पोटाची पिसे भिजलेली आहेत आणि त्यांवरून एक थेंब नेमका ओघळतो आहे. खाली मी नाव दिले आहे, 'माउली'. या फोटोला एका स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले होते. "वा, काय क्षण पकडलात!" असे म्हणून पाहुणे चकलीचा तुकडा मोडतात, आणि मी "हं, बरा आला आहे," एवढेच पुटपुटतो. लोकांना तो माझा विनय वाटतो. तो विनय नाही, हे आज सांगून टाकावे म्हणतो.

हा नाद मला लागला तो वडिलांच्या 'क्लिक थ्री' कॅमेऱ्यामुळे. साधासुधा डबा, एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो. पहिली अख्खी फिल्म मी अंगणातल्या पेरूवर उतरणाऱ्या पोपटांवर खर्च केली. फोटो धुऊन आले, तेव्हा आभाळ बाराही फोटोंत उत्तम आले होते! आई भिंग घेऊन बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "हा ठिपका म्हणजे पोपट का रे?" तो पेरू होता.

पुढे नोकरी लागल्यावर प्रत्येक हौशी माणसाप्रमाणे मीही सारा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला. त्या वर्षी घरात पाटल्या व्हायच्या होत्या. त्यांच्याऐवजी तीनशे मिलिमीटरची लेन्स झाली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या, तर ते स्वस्त पडले असते! लेन्स आल्यावर पोपट मोठा दिसू लागला खरा, पण तो हललेला मोठा पोपट होता. मद्रासच्या एम. कृष्णन यांनी निरनिराळे भाग जुळवून तयार केलेल्या कॅमेऱ्याने रानातल्या हत्तींची अप्रतिम कृष्णधवल छायाचित्रे काढली, हे वाचल्यावर मी मनातून ओशाळलो. त्यांच्याकडे काय होते, याचा विचार करू लागलो. त्यांच्याकडे हत्तींविषयीची माहिती होती आणि वाट पाहण्याची तयारी होती.

मग मी शिकू लागलो. पक्षी वाऱ्याला सामोरा होऊन उडतो, तेव्हा वारा आपल्या पाठीवर घेऊन बसावे, म्हणजे तो आपल्याकडे तोंड करून उठतो. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणावा, मग त्यासाठी चिखलात लोळावे लागले तरी हरकत नाही. डोळा स्पष्ट आला, तर बाकीचे थोडे पुसट चालते. डोळाच पुसट असेल, तर सारे फुकट. फिल्म छत्तीस फोटोंची आणि खिसा कारकुनाचा. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी दहा वेळा पाहण्याची सवय लागली. आपण आता तयार झालो, असे मला वाटू लागले. तेव्हाच ती टिटवी भेटली.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की लोणीच्या अलीकडे मुळा-मुठेच्या काठी कवडीपाट लागते. जुना बंधारा, खडकाळ पात्र आणि पाखरांची चंगळ. १९८४ सालच्या एप्रिलमधला रविवार होता. खडीत चालता चालता एक टिटवी टाहो फोडत माझ्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली, तेव्हाच ओळखले, की अंडी जवळ आहेत. टिटवी घरटे असे बांधतच नाही. खडीत जरासा खळगा करते. चार अंडी, खड्यांच्याच रंगाची, निमुळती टोके आत करून ठेवलेली. मी दहा-बारा पावलांवर बूड टेकले, अंगावर चादर घेतली आणि वाट पाहू लागलो.

टिटवी येईना. लांबून ओरडे, दोन पावले पुढे येई, मला पाही आणि परत फिरे. अकरा वाजले. हाताखालचे दगड तापले. नदीकाठच्या काकडीच्या वाडीतून एक म्हातारी पाण्याला चालली होती. ती थांबली. म्हणाली, "आरं बाबा, किती येळ बसशील तिच्या दारात? पोरं भाजत्यात तिची."

"दोनच मिनिटं, आजी," मी म्हणालो.

ती दोन मिनिटे एक तासाची झाली. शेवटी टिटवीने भीती सोडली. ती पाण्यात शिरली, पोट भिजवून घेतले आणि माझ्याकडे न पाहता सरळ अंड्यांवर येऊन उभी राहिली. उन्हाळ्यात या पाखरांची अंडी थंड ठेवण्याची रीतच ती आहे. सेकंदाच्या पाचशेव्या भागात मला माझा फोटो मिळाला. मी आनंदाने शीळ घालीत घरी आलो.

तीन आठवड्यांनी म्हातारीला दाखवावा म्हणून फोटो घेऊन गेलो. खळग्यात चारही अंडी तशीच होती, थंड. टिटवीचा पत्ता नव्हता. "सोडून गेली ती," म्हातारी म्हणाली. तिने फोटो हातात घेतला, ओल्या बोटांचा डाग पडेल म्हणून कडेने धरला आणि म्हणाली, "झ्याक आलाय." मला रागावलीसुद्धा नाही. अंडी माझ्यामुळेच गेली, की आणखी कशाने, ते मला कधीच कळणार नाही. पण तो एक तास माझाच होता, एवढे मला पक्के ठाऊक आहे.

बक्षीस त्यानंतर मिळाले. परीक्षकांनी मातृत्वावर सुंदर भाषण केले. मी टाळ्या ऐकत खाली पाहत बसलो.

त्या काळी घरट्यांची छायाचित्रे सर्रास काढीत. आड येणाऱ्या फांद्याही छाटीत. अंड्यांना आणि घरट्यांना १९७२ सालच्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हे आम्हां हौशी मंडळींच्या गावीही नव्हते. आज अनेक स्पर्धा असे फोटो घेतच नाहीत. कॅमेरे तर असे आले आहेत, की एका सकाळी हजार फोटो सहज निघतात. पण पाखराला माणूस किती जवळ आलेला चालतो, हे कोणताही कॅमेरा सांगत नाही. चरणे थांबवून त्याने मान वर केली, की आपले पाऊल एक जास्त पडले. एवढे कळायला मला एक टिटवी खर्ची घालावी लागली.

यंदा माझ्या अकरा वर्षांच्या नातवाने करंजी खाता खाता तसबिरीकडे पाहून विचारले, "आजोबा, हिची पिल्लं कशी होती?" चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी त्याला सारे सांगितले. स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाजही थांबला होता.

पाडव्याच्या सकाळी त्याला घेऊन कवडीपाटला गेलो. हिवाळी पाहुणे येऊ लागले होते. एक पांढरा धोबी शेपटी हलवीत पाण्याच्या कडेने किडे टिपीत होता. नातू पालथा पडून, कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरकत होता. फोटो उत्तम येणार, हे मला मागूनही दिसत होते. एवढ्यात तो थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आजोबा, त्यानं खाणं थांबवलंय. मागं सरकू या."

आम्ही मागे सरकलो. फोटो निघाला नाही. घरी आल्यावर मी तडकलेली तसबीर खाली काढली आणि काच बदलायला घेऊन गेलो.